दोन मजली रो-हाऊसमध्ये वायफायचा डबा नेमका कुठे बसवावा

ताई, तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ दोन मजली रो-हाऊस. फायबर समोरच्या बाजूने हॉलमध्ये आलं आहे आणि कंपनीचा डबा टीव्ही युनिटच्या खणात, टीव्हीच्या मागे ठेवला आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये सगळं व्यवस्थित चालतं. वरच्या मागच्या बेडरूममधून तुम्ही ऑफिसचं काम करता, तिथे व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज ऐकू येतो, पण तुमचा आवाज आणि चेहरा तिकडे अडकतो. खाली स्वयंपाकघरामागच्या खोलीत सासऱ्यांच्या मोबाइलवर कीर्तन मध्येच थांबतं. दुकानदार म्हणतो सहा अँटेनांचा राउटर घ्या, शेजारी म्हणतात रिपीटर (आलेला सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावा.

माझं मत स्पष्ट आहे: यातलं काहीच घेऊ नका. वरच्या मजल्यावर जिना जिथे संपतो, त्या पॅसेजच्या छताला एक ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर पसरवणारा वेगळा डबा) लावा आणि हॉलमधल्या डब्यापासून तिथपर्यंत लॅन केबल ओढून घ्या. हॉलमधला डबा टीव्ही युनिटच्या खणातून बाहेर काढून भिंतीवर, उघड्यावर लावा. नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर, म्हसरूळ, आडगाव या सगळ्या भागांत अशी रो-हाऊस आहेत आणि त्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. त्यामुळे ही तक्रार आणि हा उपाय माझ्या कामात पुन्हा पुन्हा येतो. तरी हे असंच का, ते समजून घ्या. कारण कळलं की फिटिंगवाला दुसरीच जागा सुचवू लागला तर तुम्ही त्याला थांबवू शकाल.

तुमच्या डब्याची आजची जागा वायफायसाठी कुणी निवडलेलीच नाही. फायबर घरात शिरलं, जवळ प्लगपॉइंट होता, वायर कमी लागली आणि खणात ठेवल्यावर डबा दिसत नाही, एवढ्यावर ती ठरली. जोडणी करणाऱ्याचं काम तिथे संपतं. घरातली माणसं कुठे बसून काम करतात हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारत नाही, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याच्या लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्याची पाच-सहा सेंटिमीटर. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, पण त्यावर गर्दी फार असते आणि वेग कमी मिळतो. ५ वर वेग चांगला मिळतो, पण प्रत्येक भिंतीला त्याची जास्त घट होते. सिग्नलची ताकद डीबीएम या डेसिबलच्याच मापात मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो, उणे ७० च्या पुढे कुरकुर सुरू होते आणि उणे ८० ला फोनवर वायफायचं चिन्ह दिसतं पण काम होत नाही. हा हिशोब लक्षात ठेवायला एकच नियम पुरे: ३ डेसिबल कमी झाले की ताकद निम्मी, १० कमी झाले की एक दशांश.

आता तुमच्या घराचा हिशोब करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली भिंत २.४ वर साधारण ४ ते ६ डेसिबल खाते, ५ वर त्याहून बरंच जास्त. आरसीसी स्लॅब १५ ते २५ डेसिबलपर्यंत खाऊ शकतो. म्हणजे तुमच्या घरात अंतर हा शत्रू नाहीच, घर मुळात तेवढं मोठं नाही. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर उणे ४५ मिळत असेल, तर वाटेत स्लॅब, एक भिंत आणि बाथरूम आलं की मागच्या बेडरूमपर्यंत उणे ८० च्या आसपास पोहोचतं. तुमचा कॉल तुटतो तो याच आकड्यापाशी.

बाथरूमचा उल्लेख मुद्दाम केला. बहुतेक रो-हाऊसमध्ये वरच्या दोन बेडरूमच्या मध्ये बाथरूम असतं. तिथे टाइल्स, त्यामागचा जाड मसाला, ओल, पाण्याचे पाइप, गीझरची टाकी आणि आरसा असं सगळं एकाच जागी येतं. आरशाच्या मागचा मुलामा धातूचा असतो आणि धातूतून वायफाय जात नाही, परत फिरतं. पाणी लाट शोषून घेतं. म्हणून जागा निवडताना मी सगळ्यात आधी बाथरूम कुठे आहे ते बघतो आणि डबा व काम करण्याची खुर्ची यांच्यामध्ये ते येणार नाही अशी जागा शोधतो. लोखंडी कपाटाचंही तसंच. खोलीच्या सामाईक भिंतीला गोदरेजचं कपाट टेकलं असेल, तर त्याच्या मागची जागा सिग्नलच्या दृष्टीने बंद झाली असं समजा. फ्रिज, माशांची काचपेटी, भरलेली पाण्याची टाकी हेही त्याच यादीत.

एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते, ती म्हणजे जाळी. वीट आणि आरसीसी कॉलम जिथे जुळतात तिथे तडा जाऊ नये म्हणून प्लास्टरच्या आत कोंबडजाळी मारतात. तिची भोकं लाटेच्या मानाने फारच लहान असतात, त्यामुळे तो पट्टा सिग्नलला जवळजवळ पत्र्यासारखा वागतो. स्लॅबमधल्या सळ्या एकमेकींपासून बऱ्याच लांब असतात, त्यांच्यामधून थोडं तरी पार होतं. खिडकीला डासांसाठी स्टीलची जाळी लावली असेल तर बाल्कनीत रेंज का येत नाही याचं उत्तर तिथेच असतं. नायलॉनच्या किंवा फायबरच्या जाळीने असा अडथळा होत नाही.

मग सहा अँटेनांच्या राउटरने काय होईल? फारसं काही नाही. राउटरने किती ताकदीने पाठवायचं याला कायद्याची मर्यादा आहे. अँटेना वाढवल्या म्हणून ती मर्यादा हलत नाही. जास्त अँटेनांचा उपयोग एकाच वेळी डेटाचे अनेक प्रवाह पाठवायला होतो, पण बहुतेक मोबाइलमध्ये वायफायसाठी दोनच अँटेना असतात, त्यामुळे तुमच्या फोनशी बोलताना तो राउटर दोनच प्रवाह वापरतो. आणि त्याहून महत्त्वाचं, वायफाय हा दोन्ही बाजूंचा व्यवहार आहे. राउटरचं तुमच्यापर्यंत पोहोचलं तरी तुमच्या फोनचं राउटरपर्यंत पोहोचायला हवं. फोनची पाठवण्याची ताकद राउटरपेक्षा कमी असते, त्याला बॅटरी वाचवायची असते. म्हणून असं होतं की फोनवर दोन-तीन काड्या दिसतात, समोरच्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, पण तुमचा आवाज आणि चेहरा तिकडे अडकतो. तुम्ही लिहिलेली तक्रार शब्दशः हीच आहे. ताकदवान राउटरने फोन ताकदवान होत नाही. दोघांमधली भिंत कमी करणं एवढाच खात्रीचा इलाज.

यात आणखी एक परिणाम दडलेला आहे. वायफायवर एका चॅनलवर (पट्ट्याच्या एका ठरावीक भागावर) एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीची थांबतात. सिग्नल कमजोर असला की तोच डेटा पाठवायला फोन आणि राउटर सावकाश, जास्त वेळ घेऊन बोलतात. त्यामुळे सासऱ्यांचा फोन कोपऱ्यातल्या खोलीत उणे ८० वर कीर्तन ऐकत असेल, तर तो एकटा कितीतरी वेळ चॅनल अडवून ठेवतो आणि हॉलमधला टीव्हीसुद्धा अडखळू शकतो. त्यांच्या खोलीत चांगला सिग्नल पोहोचवणं हे फक्त त्यांच्यासाठी नाही, सगळ्या घरासाठी गरजेचं आहे. कधीकधी लोक म्हणतात, आजोबांना काय, थोडं थांबलं तर चालेल. तसं करू नका. ज्या खोलीत सगळ्यात वाईट सिग्नल आहे, तिचा विचार आधी करा.

आता जागा. रो-हाऊसमध्ये स्लॅबला एकच मोठं भोक असतं आणि ते म्हणजे जिन्याचं. वरून खाली सिग्नल उतरायला काँक्रीट नसलेला रस्ता तेवढा एकच. जिन्याच्या तोंडाशी, वरच्या पॅसेजच्या छताला ॲक्सेस पॉइंट लावला की तो पुढच्या आणि मागच्या दोन्ही बेडरूमना दारातून किंवा एकाच भिंतीतून पोहोचतो आणि जिन्यातून खाली स्वयंपाकघराकडेही उतरतो. लाकडी दार विटांच्या भिंतीपेक्षा कमी खातं, म्हणून दारांच्या रोखाने जागा निवडणं फायद्याचं. अगदी कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्यात मात्र लावू नका. भिंतीला घासून तिरकी जाणारी लाट आत शिरण्याऐवजी बरीचशी परत फिरते. भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळं राहू द्या.

छताला लावायचा ॲक्सेस पॉइंट गोल, ताटलीसारखा येतो आणि तो छताला लावला तर खाली आणि आजूबाजूला पसरेल अशीच त्याची अँटेना बनवलेली असते. तो उभ्या भिंतीवर लावला तर त्याचा जोर समोरच्या भिंतीकडे जातो आणि बराचसा सिग्नल शेजारच्यांच्या घरात वाया जातो. भिंतीवरच लावायची वेळ आली तर दांड्यांच्या अँटेनाचा घ्या. दांडीच्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो: दांडी मधल्या भोकातून उभी गेली आहे असं समजा, सिग्नल सभोवार आडवा, आणि दांडीच्या टोकाच्या रोखाने जवळजवळ काहीच नाही. म्हणून एकाच मजल्यावर पसरवायचं तर दांड्या सरळ उभ्या ठेवा. वरखाली दोन्हीकडे हवं असेल तर एक उभी, एक आडवी. अँटेना हव्या त्या खोलीकडे बोट दाखवल्यासारखी वळवून ठेवणं, हे मी बहुतेक घरांत बघतो आणि त्याने नेमका त्याच खोलीतला सिग्नल कमी होतो.

उंचीबद्दल एवढंच: माणसं आणि फर्निचर यांच्या वर, साधारण सहा-सात फूट किंवा छताला. माणसाच्या अंगातही पाणीच असतं, चार माणसं बसलेल्या हॉलमध्ये कमरेच्या उंचीवरचा डबा उगाच अडतो. पण माळ्यावर, जुन्या भांड्यांच्या आणि पत्र्याच्या डब्यांच्या मागे नको. पीओपीच्या फॉल्स सीलिंगच्या आतही नको, कारण ते धरणारी चौकट धातूची असते आणि आत हवा खेळत नाही. घरगुती उपकरणांपैकी बऱ्याच डब्यांवर ४० अंशांपर्यंतच्या तापमानाची मर्यादा लिहिलेली असते. एप्रिल-मेमध्ये नाशिकला दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीखालच्या स्लॅबजवळ बंद जागेत त्याहून जास्त तापतं. दुपारी नेट मंद, रात्री ठीक, अशी उन्हाळ्यातली तक्रार आली की मी आधी डब्याला हात लावून बघतो.

छिद्र पाडण्याआधी जागा तपासून घ्या. यात आळस करू नका, कारण घराघरात फरक असतो. शिडीवर किंवा उंच स्टुलावर ॲक्सेस पॉइंट ठेवा, लांब लॅन केबल जिन्यातून तशीच उघडी टाकून जोडा आणि दारं बंद करून प्रत्येक खोलीत आकडे घ्या. दारं बंद यासाठी की तुम्ही कॉलवर असताना दार बंदच असतं. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारची मोफत ॲप डीबीएम दाखवतात. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी ॲप घ्या आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचा वायफाय स्कॅनर चालू करा. फोन ज्या उंचीवर, ज्या खुर्चीत बसून वापरता तिथेच आकडा घ्या, खोलीच्या मधोमध उभं राहून नाही. डब्याकडे पाठ करून एकदा आणि तोंड करून एकदा घ्या, फरक दिसेल. कागदावर घराचा साधा नकाशा काढून आकडे लिहा. ५ गिगाहर्ट्झवर तुमच्या टेबलापाशी उणे ६५ च्या आत आणि सासऱ्यांच्या पलंगापाशी उणे ७० च्या आत आलं की जागा ठरली. नाही आलं तर शिडी दोन-तीन फूट सरकवा आणि परत मोजा. पॅसेजमध्ये एवढ्या अंतरानेसुद्धा बाथरूम वाटेतून निघून जातं.

त्याआधी आणखी एक तपासणी, नाहीतर चुकीच्या रोगावर औषध होईल. लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्याला लावा आणि स्पीड बघा. तिथेच १०० ऐवजी २०-३० येत असेल तर दोष फायबरच्या जोडणीत किंवा पुढे आहे, वायफाय हलवून काही होणार नाही, तक्रार नोंदवा. केबलवर ९० च्या वर आणि वर बेडरूममध्ये ५, असं असेल तर दोष निःसंशय घरातल्या वायफायचा. ही मोजणी रात्री आठ ते दहाच्या दरम्यानही एकदा करा, कारण त्या वेळी सगळी गल्ली ऑनलाइन असते.

केबल कशी न्यायची, ही सगळ्यांची अडचण असते. भिंत फोडायची गरज सहसा पडत नाही. तुमच्या घरात कधी डिश अँटेना होती का ते आठवा. बिल्डरने हॉलच्या टीव्ही पॉइंटपासून गच्चीपर्यंत भिंतीत पाइप टाकलेला असतो आणि आता टीव्ही फायबरवर आल्यामुळे तो वापराविना पडून असतो. त्यातल्या जुन्या काळ्या केबलच्या टोकाला नवी कॅट सिक्स प्रकारची लॅन केबल घट्ट बांधायची आणि वरून हळू ओढायची. जोरात हिसका मारला तर आतल्या तारा ताणल्या जातात. वरच्या मजल्यावर त्या पाइपचा जंक्शन बॉक्स असतोच, तिथून पॅसेजपर्यंत पांढऱ्या पट्टीतून केबल न्या. असा पाइप नसेल तर जिन्याच्या कडेने पट्टी मारा, रंग दिल्यावर ती दिसत नाही. विजेच्या वायरच्या पाइपमधून मात्र लॅन केबल कधीही घालू नका. ते धोक्याचं आहे आणि सिग्नलसाठीही वाईट. समांतर न्यावी लागली तर वीतभर अंतर ठेवा, आडवी ओलांडायची तर काटकोनात ओलांडा.

केबल शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही मिळते, ती स्वस्त असते. ओळखायला सोपं आहे: तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली तर परत करा. ॲक्सेस पॉइंटला वीजही याच केबलमधून जाते, त्याला पीओई म्हणतात, आणि मुलाम्याच्या केबलमध्ये ती वाया जाते, केबल तापते. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या घरात तिच्या पाव लांबीसुद्धा लागणार नाही. टोकांना कनेक्टर मारताना आठही तारा लागल्या आहेत आणि दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच आहे हे बघा. घाईत काही जण चारच तारा लावतात. काम चालतं, पण जोडणी १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएसवर अडकते आणि उद्या प्लॅन वाढवला की कुणाला कारण सापडत नाही.

हॉलमधल्या डब्याची फायबर केबल पिवळी किंवा पांढरी, बारीक असते. डबा हलवताना ती वाकवू नका, मुठीएवढा गोल वळसा राहू द्या. आत काच आहे. लांबी कमी पडली तर कंपनीच्याच माणसाला बोलवा, ओढाताण करू नका.

जोडणी झाल्यावर ॲक्सेस पॉइंटमध्ये शिरून तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये आहे ना ते बघा. राउटर मोडमध्ये राहिला तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. मग वरच्या मोबाइलवरून खालचा टीव्ही किंवा प्रिंटर सापडत नाही. दोन्ही डब्यांचं वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा म्हणजे वरखाली फिरताना फोन आपोआप डबा बदलेल. चॅनल मात्र वेगळे ठेवा. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच वापरतात, १, ६ आणि ११. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११, शेजारच्यांचं बघून. २.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की आकड्यात वेग वाढतो आणि प्रत्यक्षात गल्लीतल्या सगळ्यांशी भांडण सुरू होतं. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे, भारतात २०१८ मध्ये त्यातला मोठा पट्टा परवानामुक्त झाला. तिथे ८० मेगाहर्ट्झ ठेवायला हरकत नाही. त्यातले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले असतात, रडार जाणवलं की डब्याला तो चॅनल सोडावा लागतो आणि कॉल क्षणभर तुटतो. कामाच्या फोनसाठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ बरे.

आता थोडं उलटं वाटेल असं सांगतो. दोन डबे झाल्यावर हॉलमधल्या डब्याची २.४ ची ताकद कमी करा, पूर्ण नाही, मध्यमवर. फोन कोणत्या डब्याला धरून राहायचं हे फोनच ठरवतो आणि खालच्या डब्याचा क्षीण सिग्नल मिळत राहिला की तो वर गेल्यावरही त्यालाच चिकटून बसतो. ताकद कमी केली की तो वेळेवर सोडतो. अनेक जण दोन्ही डबे फुल ठेवतात आणि मग म्हणतात, नवीन बसवूनही फरक नाही.

रिपीटरबद्दल शेजाऱ्यांचा सल्ला पूर्ण चुकीचा नाही, भाड्याच्या घरात केबल ओढता येत नसेल तर तोच मार्ग राहतो. पण साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर परत बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात. त्याला स्वतःलाच चांगला सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या वळणावर, जिथे उणे ६० च्या आसपास मिळतंय तिथे. मेश (एकमेकांशी जोडून चालणाऱ्या वायफाय डब्यांचा संच) घेतलात तरी तोच नियम, आणि मेशचे दोन डबे केबलने जोडता आले तर जरूर जोडा.

हे वाचून वेगळ्या घरातले लोकही विचारतील, म्हणून थोडक्यात. काही नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसून ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे प्रत्येक भिंत स्लॅबसारखी वागते. टू-बीएचकेलाही एक डबा पुरत नाही, हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमध्ये लावूनच सुरुवात करा आणि मोजा. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती त्यामानाने बऱ्याच सोप्या.

जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांचं काम मला मनापासून आवडतं. भिंती दीड-दोन फुटांच्या, माती-विटांच्या, खाली काळा दगड. एका भिंतीतून पलीकडे जाणं जवळजवळ अशक्य. पण वाड्याला चौक असतो आणि सगळ्या खोल्यांची दारं-खिडक्या चौकाकडे उघडतात. ॲक्सेस पॉइंट चौकाकडच्या ओसरीत, आढ्याखाली, पाऊस लागणार नाही असा लावला की सिग्नल चौकातून समोरच्या सोप्यात आणि वरच्या माडीत दारांवाटे शिरतो. कोनाड्यात ठेवू नका, कोनाडा म्हणजे तीन बाजूंनी तीच जाड भिंत. खिळे मारताना जुनं लाकूड जपा, तुळईला भोक पाडण्याऐवजी पट्टा बांधून काम होतं.

दिंडोरी, निफाड भागात द्राक्षबागेतल्या बंगल्यापासून पॅकिंग शेडपर्यंत वायफाय न्यायचं असेल तर तो वेगळा विषय आहे. घरातल्या राउटरने ते होत नाही. दोन टोकांना समोरासमोर बसणारी वायरलेस उपकरणांची जोडी लावावी लागते आणि ती बागेच्या मांडवाच्या बऱ्याच वर हवी. पानात पाणी असतं आणि मांडवाला तारा असतात, दोन्ही सिग्नल अडवतात. छाटणीनंतर चालणारी जोडणी पानं भरल्यावर बंद पडते ती त्यामुळे. शेडचं छत पत्र्याचं असेल तर आत वेगळा ॲक्सेस पॉइंट लागतोच. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल टाकू नका, वळवाच्या विजेने दोन्हीकडची उपकरणं एकदम जातात. तिथे फायबर टाका.

तुमच्या घरी परत येतो. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. तो सुरू असताना सासऱ्यांचा फोन २.४ वर असला तर कीर्तन अडखळेल. त्यांच्या फोनला ५ वर आणलं तर हा त्रास जातो. ॲक्सेस पॉइंट लागल्यावर त्यांच्या खोलीत उणे ७० पेक्षा वाईट आलं तर हॉलमधला डबा स्वयंपाकघराच्या सामाईक भिंतीकडे आणून बघा, फ्रिज वाटेत येऊ न देता. बहुतेक वेळा तेवढ्याने होतं.

पावसाळ्याआधी एक काम उरकून घ्या. वीज गेली की वरचा आणि खालचा, दोन्ही डबे बंद पडतात आणि परत सुरू होऊन जोडायला दोन-चार मिनिटं जातात. कॉल तेवढ्यात तुटतो. इन्व्हर्टर असेल तर खालचा डबा आणि पीओईचा ॲडाप्टर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी तुमच्या डब्याच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलं आहे ते वाचा आणि तेवढ्याच व्होल्टचा, त्याहून कमी अँपिअरचा नसलेला यूपीएस आणा. पीओईचा ॲडाप्टर बऱ्याचदा ४८ व्होल्टचा असतो, त्याला १२ व्होल्टचा यूपीएस चालत नाही, हे दुकानात आधीच सांगा.